होडी कोण चालवत होतं?

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर लेस्बॉस बेट दिसतं. मधली सामुद्रधुनी अरुंद जागी जेमतेम दहा किलोमीटरची. हातात पासपोर्ट आणि त्यावर व्हिसा असेल तर आयवालिकहून फेरीबोटीत बसायचं आणि खारा वारा खात पलीकडे उतरायचं. व्हिसा नसणाऱ्याला याच अंतरासाठी दलालाला कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. त्या पैशात त्याला मिळते एक रबरी होडी, मागे लटकवलेलं इंजिन आणि पेट्रोलचा एखादा डबा. खलाशी मिळत नाही.

दलाल स्वतः होडीत चढत नाही. त्याचं दुकान किनाऱ्यावर आहे आणि उद्याचं गिऱ्हाईकही तिथंच येणार आहे. त्यामुळे चालवणार कोण, हे बहुतेकदा अगदी शेवटच्या घटकेला, अंधारात, माणसं गुडघाभर पाण्यात उभी असताना ठरतं. कधी पैसे कमी पडलेल्याचे पैसे माफ होतात. कधी गावाकडे मासेमारी केलेल्याला पुढे काढलं जातं. कधी सरळ पिस्तूल दाखवलं जातं. मग पाच मिनिटांचं शिक्षण: दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, उजवीकडे ढकलला की डावीकडे. समोर ते दिवे दिसतायत ना, तिकडे जायचं.

पलीकडे तटरक्षक दलाने होडी गाठली की विचारणा सुरू होते ती इथूनच. होडी कोण चालवत होतं? ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं त्याची वाट तिथून वेगळी होते. बाकीचे छावणीत जातात, हा कोठडीत.

डिसेंबर २०२०मध्ये सोमालियातला एक तरुण अशाच होडीत होता. त्याचं म्हणणं असं, की दलालाने धाक दाखवून सुकाणू त्याच्या हाती दिलं. समुद्र खवळला, होडीत पाणी शिरलं, दोन स्त्रिया बुडाल्या. बाकीचे तीसेक जण वाचले. मे २०२१मध्ये लेस्बॉसच्या न्यायालयाने त्याला एकशे चाळीसहून अधिक वर्षांची शिक्षा ठोठावली. युरोपीय संसदेचे काही सदस्य त्याला तुरुंगात भेटून आले, जगभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि जानेवारी २०२३मध्ये अपिलात तीच शिक्षा आठ वर्षांवर आली. भोगलेला काळ वजा करून तो सुटला. त्याच किनाऱ्यावर उतरलेल्या दोन अफगाण तरुणांना पन्नास-पन्नास वर्षं मिळाली होती. त्यांतल्या एकाची गरोदर बायको आणि लहान मूल त्याच होडीत होतं. अपिलात एक निर्दोष सुटला, दुसऱ्याची शिक्षा आठ वर्षांवर आली. पुरावा तोच आणि माणसंही तीच, तरी पन्नासाची आठ आणि पन्नासाचं शून्य. पहिल्या वेळी न्यायालयात नेमकं काय तपासलं गेलं होतं, असा प्रश्न कुणालाही पडावा.

हे शतकांचे आकडे कुठून येतात, तर ग्रीक कायद्याच्या गुणाकारातून. २०१४च्या कायद्याने शिक्षा डोईवारी केली. बेकायदा आणलेल्या प्रत्येक माणसामागे किमान दहा वर्षं. प्रवाशांचा जीव धोक्यात आला असेल तर माणशी पंधरा. कुणी दगावलं तर प्रत्येक मृत्यूमागे जन्मठेप. होडीत चाळीस माणसं असली की बेरीज करायला न्यायाधीशाला कागद-पेन्सिल घ्यावी लागते. प्रत्यक्षात वीस वर्षांपलीकडे तुरुंगात ठेवता येत नाही, पण निकालपत्रात पूर्ण आकडा लिहिला जातो. २०२१च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी पारोस बेटाजवळ होडी उलटून अठरा जण बुडाले. ती चालवण्यात हात असल्याच्या आरोपाखाली तीन सीरियन पुरुषांवर खटला चालला. दलालाचे पैसे देण्याची ऐपत नसल्यामुळे त्यांनी होडीचं काम पत्करलं होतं. मे २०२२मध्ये सिरोस बेटावरच्या न्यायालयाने तिघांना मिळून ४३९ वर्षं दिली.

'बॉर्डरलाइन युरोप' या जर्मन संस्थेने ग्रीसमधल्या अशा ८१ खटल्यांचा अभ्यास करून २०२३मध्ये अहवाल काढला. सरासरी खटला ३७ मिनिटांत आटोपतो. आरोपीला सरकारने वकील दिलेला असेल तर १७ मिनिटांत. सरासरी शिक्षा ४६ वर्षं, वर तीन लाख युरोंहून अधिक दंड. सतरा मिनिटांत आरोपीचं नाव विचारायचं, ते दुभाष्याने सांगायचं, आरोप वाचायचे, तटरक्षकाचा लेखी जबाब वाचायचा, आरोपीला काय म्हणायचंय ते ऐकायचं आणि निकाल द्यायचा. जबाब देणारा तटरक्षक अनेकदा न्यायालयात हजरच नसतो, मग त्याची उलटतपासणी कोण घेणार? ज्या सहप्रवाशाने बोट दाखवलं, तो तोवर जर्मनीत किंवा आणखी कुठे पोचलेला असतो. फेब्रुवारी २०२३मध्ये ग्रीक तुरुंगांत तस्करीच्या आरोपाखाली २,१५४ माणसं होती. कैद्यांचा हा देशातला दुसऱ्या क्रमांकाचा गट.

सामोस बेटावरचं प्रकरण तर वाचवत नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये एक अफगाण बाप सहा वर्षांच्या मुलाला घेऊन निघाला. होडी खडकांवर आदळली आणि मूल गेलं. बापाला अटक झाली ती मुलाचा जीव धोक्यात घातल्याच्या आरोपाखाली. सुकाणूवरच्या दुसऱ्या एका तरुणापुढे जन्मठेप आणि वर २३० वर्षं वाढून ठेवलेली होती. दीड वर्षाने, मे २०२२मध्ये, बाप निर्दोष ठरला आणि त्या तरुणाला वर्ष-दीड वर्षाची स्थगित शिक्षा झाली. पोराचं दुःख करायचं ते दीड वर्ष बापाने आरोपी म्हणून काढलं.

खरं तर कायद्याची सुरुवात अशी नव्हती. २०००च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्थलांतरितांच्या तस्करीविरुद्धचा करार संमत केला. त्यात तस्करीच्या व्याख्येतच पैशाचा किंवा अन्य भौतिक लाभाचा हेतू घातलेला आहे. ज्यांची तस्करी झाली त्यांच्यावरच तेवढ्यासाठी खटला भरू नये, असंही एक कलम आहे. दोनच वर्षांनी युरोपीय संघाने आपला निर्देश काढला, त्यात बेकायदा प्रवेशाला मदत करणं हा गुन्हा ठरला आणि त्यासाठी लाभाची अट राहिली नाही. फायदा कुणाला झाला हे शोधायचं तर बँकखाती, हवालाची साखळी, फोनचे रेकॉर्ड, तीन-चार देशांचे पोलीस, एवढा पसारा लागतो. मदत कुणी केली हे शोधायला एक फोटो पुरतो, ज्यात कुणाचा तरी हात इंजिनाच्या दांड्यावर आहे.

वरपर्यंतचा तपास होऊ शकतो, हेही दिसलेलं आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये इंग्लंडच्या एसेक्समध्ये एका ट्रकच्या बंद कंटेनरात ३९ व्हिएतनामी माणसं गुदमरून मेलेली सापडली. त्या तपासात फोनच्या नोंदी, पैशांचे व्यवहार, आधीच्या खेपा असं सगळं खणलं गेलं. ट्रकचालक तर अडकलाच, पण त्याच्या वरचे वाहतूकदार आणि सूत्रधारही. एका सूत्रधाराला सत्तावीस वर्षं झाली, ट्रकचालकाला तेरा वर्षं चार महिने. शिक्षेची उतरंड धंद्यातल्या जागेनुसार लागली. तिथे ट्रकचालक धंद्यातलाच एक होता. भूमध्य समुद्रात मात्र सुकाणूवरचा माणूस बहुतेकदा गिऱ्हाईकांपैकीच एक असतो आणि उतरंडीतलं एकच मडकं हाती लागतं, तळाचं.

इंग्लिश खाडीतली गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण तिथे सतरा मिनिटांचा खटला नव्हता. ज्युरी होती, वकील होते, एकदा सोडून दोनदा सुनावणी झाली. आधी कायद्याचं. रबरी होडी चालवल्याबद्दल ब्रिटनमध्ये काही आश्रयार्थींना शिक्षा झाल्या होत्या. त्या डिसेंबर २०२१मध्ये अपील न्यायालयाने रद्द केल्या. न्यायालयाचा युक्तिवाद सरळ होता. समुद्रात गस्तीनौकेला सापडायचं, तिच्यातून बंदरात यायचं आणि तिथे आश्रय मागायचा, एवढाच बेत असेल तर त्याला जुन्या कायद्याप्रमाणे बेकायदा प्रवेश म्हणता येत नाही. मग संसदेने कायदाच बदलला. २०२२च्या नव्या कायद्याने परवान्याशिवाय नुसतं येऊन पोचणंही गुन्हा ठरलं, मदतीसाठीची कमाल शिक्षा चौदा वर्षांवरून जन्मठेपेवर गेली आणि आश्रयार्थींना आणणाऱ्याने लाभासाठी आणलं हे सिद्ध करण्याची सरकारवरची जबाबदारी गेली. न्यायालयाने दाखवलेली फट सहा महिन्यांत बुजली.

त्याच वर्षी १४ डिसेंबरला, कडाक्याच्या थंडीत, फ्रान्सच्या किनाऱ्यावरून एक होडी निघाली. सुकाणूवर सेनेगलचा एक पोरगेलासा तरुण. त्याच्या वयावरूनही न्यायालयात वाद झाला. तो स्वतःला अल्पवयीन म्हणत होता, न्यायालयाने ते मानलं नाही. त्याच्याकडे पैसे नव्हते. होडी चालवायची आणि त्या बदल्यात फुकट जायचं, असा सौदा झाला होता. पण किनाऱ्यावर होडी पाहिल्यावर आपण नकार दिला, मग दलालांनी मारहाण केली, जिवाची धमकी दिली, असं त्याने सांगितलं. ती होडी म्हणजे कशीतरी चिकटवलेली, वीसेक माणसांच्या आवाक्यातली. चढले होते चाळिसाहून जास्त. मध्यरात्रीनंतर तळातून पाणी आलं. जवळ 'आर्क्ट्युरस' नावाची मासेमारी नौका होती. तिचे दिवे दिसताच माणसं उठून उभी राहिली आणि खालचा तळच फाटला. मच्छिमारांनी हाताला लागेल त्याला वर ओढलं. ३९ जण वाचले, किमान चौघे गेले. होडी नौकेला लागावी म्हणून या तरुणाने धडपड केली, दुसऱ्यांना वर चढायला मदत केली, असं वाचलेल्यांपैकी काहींनी साक्षीत सांगितलं.

पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. २०२४च्या फेब्रुवारीत कँटरबरीच्या न्यायालयात दुसऱ्या ज्युरीने त्याला घोर निष्काळजीपणाने चार मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरवलं. शिक्षा साडेनऊ वर्षं. सरकारी पक्षाचं म्हणणं तर्काला धरून होतं: होडी धड नव्हती, जीवरक्षक जाकिटं पुरेशी नव्हती, कप्तानाची प्रवाशांप्रती जबाबदारी असते. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला हे पटेल. पण तांडेल होडी स्वतः निवडतो, माणसं किती घ्यायची ते स्वतः ठरवतो, वारा पाहून परत फिरू शकतो. या मुलाने यांतलं काहीही ठरवलेलं नव्हतं. होडी ज्यांनी बांधली, माणसं ज्यांनी कोंबली आणि पैसे ज्यांनी मोजून घेतले, त्यांच्यापैकी कुणीही आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हतं.

सुकाणूवरचा प्रत्येक जण बिचारा असतो, असं मात्र नाही. तुर्कस्तानातून इटलीकडे जाणाऱ्या शिडाच्या बोटींवर अनेक वर्षं भाड्याने आणलेले युक्रेनी आणि रशियन चालक असत. ते पगार घेऊन खेपा करत आणि त्यांतले काही पुन्हा पुन्हा येत. पाण्यात माणसं ढकलून देणारे चालकही खटल्यांत दिसलेले आहेत. म्हणूनच फरक करायला हवा आणि नेमकं तेच काम अर्ध्या तासाच्या सुनावणीत होत नाही.

इटलीत हा फरक करण्याऐवजी शिक्षा वाढवण्याचा रस्ता धरला गेला. २६ फेब्रुवारी २०२३च्या पहाटे कॅलाब्रियातल्या कुत्रो गावाच्या किनाऱ्यालगत 'समर लव्ह' नावाची बोट वाळूच्या दांड्यावर फुटली. किमान ९४ माणसं मेली, त्यांत पस्तीस मुलं. मंत्रिमंडळ कुत्रोत येऊन बसलं, तस्करांना साऱ्या पृथ्वीवर हुडकून काढू, असं पंतप्रधान जॉर्जा मेलोनी म्हणाल्या. वटहुकूम निघाला आणि मृत्यू झाल्यास तीस वर्षांपर्यंत शिक्षा करता येईल असा नवा गुन्हा कायद्यात आला. इटलीत अशा अटका नव्या नव्हत्या. २०१३पासूनच्या आठ वर्षांत अडीच हजारांवर माणसं चालक म्हणून पकडली गेल्याचं पालेर्मोतल्या कार्यकर्त्यांनी २०२१च्या अहवालात मांडलं होतं.

२०२३च्या शेवटच्या दिवशी कॅलाब्रियातच मेसून मजिदी ही इराणी कुर्द चित्रपटकर्ती आणि कार्यकर्ती बोटीतून उतरली. दोन सहप्रवाशांच्या जबाबावरून तिला चालकाची साथीदार ठरवून अटक झाली. पुढे त्या दोघांनी, आपण तसं म्हटलंच नव्हतं, असं सांगितलं. तिने तुरुंगात उपोषण केलं. सुमारे दहा महिने कोठडीत काढल्यावर ती बाहेर आली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये क्रोतोनेच्या न्यायालयाने तिला निर्दोष ठरवलं. बंदरावर रात्रीच्या वेळी, भिजलेल्या, झोप नसलेल्या माणसांकडून, दुभाष्याच्या मदतीने घेतलेले जबाब किती वजनाचे असतात, याचा अंदाज तिच्या दहा महिन्यांवरून करावा.

बडे मासेही इटलीने पकडायचा प्रयत्न केला आहे. जून २०१६मध्ये सुदानमधून विमानाने एका इरिट्रियन माणसाला पालेर्मोला आणलं गेलं. 'जनरल' म्हणून ओळखला जाणारा तस्करांचा म्होरक्या हाती लागला, असं जाहीर झालं. आणलेला माणूस मात्र आपण तो नव्हेच असं पहिल्या दिवसापासून सांगत होता. पहिलं नाव तेवढं सारखं होतं. त्याचे नातेवाईक सांगत होते, खऱ्या म्होरक्याला ओळखणारे सांगत होते, पण खटला चालूच राहिला. जुलै २०१९मध्ये न्यायालयाने चुकीचा माणूस पकडल्याचं मान्य केलं. तीन वर्षं गेली होती.

याच्या शेजारी दुसरं एक विमान ठेवून पाहण्यासारखं आहे. १९ जानेवारी २०२५ला तुरिनमध्ये लिबियाचा अधिकारी ओसामा अलमसरी नजीम याला अटक झाली. तो त्रिपोलीतल्या मिटिगा तुरुंगाचा प्रमुख होता. स्थलांतरितांसह तिथल्या कैद्यांचा छळ, बलात्कार आणि खून अशा आरोपांवरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याच्याविरुद्ध वॉरंट काढलं होतं. दोनच दिवसांत प्रक्रियेतल्या त्रुटीचं कारण देऊन त्याची सुटका झाली आणि इटलीच्या सरकारी विमानाने त्याला त्रिपोलीत नेऊन सोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मराठीत जुनीच आहे. चोराला घरपोच सोडल्याचं मात्र तिच्यात नाही.

ग्रीसमधल्या पिलोसजवळ बुडालेली बोट या सगळ्यांत मोठी. जून २०२३मध्ये लिबियाच्या तोब्रुकहून 'अॅड्रियाना' हा जुनाट ट्रॉलर सुमारे ७५० माणसं घेऊन इटलीकडे निघाला. त्यांत शेकडो पाकिस्तानी होते, बरेचसे खालच्या तळात कोंबलेले. १४ जूनच्या रात्री ग्रीसच्या नैऋत्येला, आंतरराष्ट्रीय समुद्रात, तो बुडाला. वाचले १०४, मिळालेली प्रेतं ८२, बाकीच्यांना समुद्राने ठेवून घेतलं. कालामाताच्या बंदरात वाचलेल्यांना उतरवल्यावर एक-दोन दिवसांतच त्यांच्यातल्या नऊ इजिप्शियन पुरुषांना अटक झाली. टोळीचे सदस्य, बेकायदा वाहतूक, बोट बुडवणं, असे आरोप. आपण पैसे भरलेले प्रवासी आहोत, हे ते सांगत राहिले. तटरक्षकांनी दोर बांधून ओढल्यामुळे बोट कलंडली, असं वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितलं. तटरक्षक दलाने ते नाकारलं.

२१ मे २०२४ला कालामाताच्या न्यायालयाने पहिल्याच दिवशी निकाल दिला: बोट ग्रीक हद्दीत बुडाली नाही, ती ग्रीसला यायलाही निघाली नव्हती, तेव्हा हा खटला चालवण्याचा आम्हाला अधिकारच नाही. बोट कुठे बुडाली हे तर बुडाली त्याच रात्री माहीत होतं. तरीही नऊ जण अकरा महिने तुरुंगात होते. २०२५च्या मे महिन्यात, दुर्घटनेला दोन वर्षं होत आली असताना, नौदल न्यायालयाच्या सरकारी वकिलाने तटरक्षक दलाच्या सतरा जणांवर आरोप ठेवले.

हा विषय भूमध्य समुद्रापुरताच आहे असं समजणाऱ्यांनी २०२३चा नाताळ आठवावा. दुबईच्या बाजूच्या फुजैराहून निकाराग्वाकडे जाणारं एक भाड्याचं विमान इंधनासाठी फ्रान्समधल्या वात्री विमानतळावर उतरलं आणि मानवी तस्करीच्या संशयावरून तिथेच अडकलं. आत ३०३ प्रवासी, बहुतेक सगळे भारतीय, सोबत पालक नसलेली अकरा मुलं. विमानतळाच्या दालनात खाटा टाकल्या गेल्या, न्यायाधीश तिथेच येऊन बसले. २६ डिसेंबरच्या पहाटे विमान मुंबईत उतरलं तेव्हा त्यात २७६ जण होते. पंचवीस जणांनी फ्रान्समध्ये आश्रय मागितला होता. तस्कर समजून ताब्यात घेतलेल्या दोघा प्रवाशांना फ्रेंच न्यायाधीशांनी आरोप न ठेवता सोडलं. विमान भाड्याने घेऊन, शेकडो जणांकडून पैसे उकळून, त्यांना निकाराग्वामार्गे अमेरिकेच्या सीमेवर पाठवण्याचा बेत आखणारे एजंट अर्थातच त्या विमानात बसलेले नव्हते.

युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायपीठाने अलीकडे बेकायदा प्रवेशाला मदत करण्याच्या या गुन्ह्याला एक कुंपण घातलं आहे. ऑगस्ट २०१९मध्ये काँगोहून आलेली एक स्त्री बोलोन्याच्या विमानतळावर मुलगी आणि भाची यांच्यासह खोट्या पासपोर्टांवर उतरली. पूर्वीच्या जोडीदाराच्या धमक्यांमुळे आपण पळून आलो, असं तिने सांगितलं. इटलीने तिच्यावर या दोन मुलींच्या बेकायदा प्रवेशाला मदत केल्याचा खटला भरला. ३ जून २०२५ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की आपल्या प्रत्यक्ष सांभाळातल्या अल्पवयीन मुलांना सोबत आणणं हा या कायद्याखालचा गुन्हा होऊ शकत नाही. मूल कडेवर असलेली आई यामुळे वाचली. इंजिनाचा दांडा हातात असलेल्या पोराला या निकालाचा आधार मिळतो का, यावर आता वकील भांडत आहेत.

ते भांडण सध्या जास्त करून क्रीटमध्ये चाललं आहे. लिबियातून थेट क्रीट आणि गावदोस या बेटांकडे येणाऱ्या होड्या २०२४पासून वाढल्या. जुलै २०२५मध्ये ग्रीसने उत्तर आफ्रिकेतून समुद्रमार्गे येणाऱ्यांचे आश्रयाचे अर्ज घेणं तीन महिन्यांसाठी थांबवलं. या होड्यांत युद्धातून पळालेली सुदानी पोरं बरीच आहेत. पैसे नसलेल्याला सुकाणू, हा सौदा लिबियाच्या किनाऱ्यावरही चालतो आणि अथेन्सच्या उत्तरेला अवलोनाच्या तरुणांच्या तुरुंगात त्यांचा भरणा वाढत गेला आहे. संरक्षणाची गरज असलेल्यांना आणणाऱ्याला शिक्षा नको, असा अपवाद ग्रीक कायद्यात लिहिलेला आहे. सुदानमधून आलेल्याला संरक्षणाची गरज आहे, हे आश्रय कार्यालय एरवी मान्य करतं. या पोरांचे वकील ही दोन कागदपत्रं एकमेकांशेजारी ठेवतात आणि न्यायाधीशांना दोन्ही वाचायला सांगतात.